सूर्यास्त पाहून ऋतू निवडावा

परदेशप्रवास ठरविताना व्यापारी कुटुंबात प्रथम तिकिटांचे दर आणि मुलांच्या सुट्ट्या पाहिल्या जातात. आइसलँडला जायचे असल्यास मात्र सर्वांत आधी सूर्यास्ताची वेळ पाहावी. रात्रिभोजनाचा त्याग पाळणाऱ्या घराचा तेथील दिनक्रम त्यावरच ठरतो.

उत्तर अटलांटिकमधील हे बेट आर्क्टिक वृत्ताला भिडलेले आहे. राजधानी रेक्याविक येथे डिसेंबरअखेर सूर्य सव्वाअकरानंतर उगवतो आणि दुपारी साडेतीनला मावळतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी पारावी, तर भोजनासाठी जेमतेम सव्वातीन तास उरतात. शिवाय बर्फामुळे रस्ते बंद होतात. वृद्धांना व लहान मुलांना हा काळ सोसणारा नाही.

जूनअखेर चित्र उलटे होते. सूर्य मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि पहाटे तीनला पुन्हा वर येतो. पर्यटनासाठी हाच काळ सर्वांत सोयीचा. अंतर्भागातील डोंगरी रस्ते तेव्हाच खुले होऊ लागतात. पण सूर्य आहे म्हणून मध्यरात्रीपर्यंत खात राहिल्यास नियमाचे शब्द पाळले जातील, संयम मात्र सुटेल. जूनमध्ये जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वीच गुरुमहाराजांना विचारून घड्याळाची मर्यादा घालून घ्यावी.

सप्टेंबरअखेर दिवस-रात्र समान असतात आणि आकाशातील ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. परंतु तो चातुर्मासाचा काळ. मार्चअखेरही दिवस तसाच समतोल असतो, पण तेव्हा पेढीवर हिशेब मिटविण्याची घाई असते. म्हणून व्रतस्थ कुटुंबासाठी एप्रिलचा पूर्वार्ध उत्तम. तेव्हा सूर्य सकाळी सहा-साडेसहाला उगवून रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर हिंडून चौविहार निवांत साधता येतो. रात्री उशिरा ध्रुवीय प्रकाशाची थोडी आशाही उरते.

या निवडीत तोटाही आहे. थंडी बोचरी असते, क्वचित बर्फ पडतो, डोंगरी रस्ते बंदच असतात. किनाऱ्याकडील स्थळांवर समाधान मानावे लागते. चैत्रातील आयंबिल ओळी व महावीर जन्मकल्याणकही याच सुमारास येतात, म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी पंचांग उघडावे. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात करावा आणि खाखरा, ठेपले, मूगडाळ सोबत न्यावी.

काही स्थळे पाहायची राहिली, तर पुन्हा जाता येईल. प्रवासात नियम सैल करण्याची सवय लागली, तर ती घरी परतल्यावरही सुटत नाही.