गहाणखत आणि बौद्ध गृहस्थ

चिंचणी येथे १९५५ साली राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यांतील एक ताम्रपट शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा, तिसऱ्या इंद्रराजाच्या काळातील असून, त्यात एका मठिकेला दिलेल्या गावाची व जमिनीची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीही ज्यांच्याकडे भूमी होती त्यांनी तिचा लेख तांब्यावर कोरवून घेतला होता! आपल्या पूर्वजांच्या वाट्याला वतन आले. पण त्या वतनात राबणूक फार आणि मालकी नावापुरती. याच डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात वारली तरुण लग्नापुरते कर्ज काढी आणि सावकाराचा 'लग्नगडी' होऊन वर्षानुवर्षे राबे. तेथे घर नव्हे, माणूसच गहाण पडत असे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ही प्रथा मोडण्यासाठी उठाव केला. ही आठवण ताजी आहे, म्हणूनच 'गहाण' हा शब्द ऐकताच आपल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळी आठी पडते.

वाचकहो, ही भीती समजण्यासारखी आहे. परंतु तिच्यापायी बँकेचे कर्ज नाकारून जन्मभर भाड्याच्या खोलीत राहणे शहाणपणाचे नव्हे. भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची जी चार सुखे सांगितली त्यांत ऋणमुक्तीचे सुख आहे, तसेच न्याय्य मार्गाने मिळविलेली संपत्ती जवळ असण्याचेही आहे. प्रश्न कर्जाचा नाही, कर्जाचा कागद कोणता हा आहे.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे गहाण म्हणजे विक्री नव्हे. ऋणको मालकच राहतो आणि कर्ज फेडून मिळकत सोडवून घेण्याचा त्याचा हक्क कलम ६० ने राखलेला आहे. घरकर्जासाठी बँक बहुधा मूळ खरेदीखत आपल्याकडे ठेवून घेते, तेही गहाणच होय. याउलट गावचा सावकार 'मुदतखरेदी' करून मागतो. दिसायला तेही गहाण, पण १९२९ च्या दुरुस्तीनंतर परत देण्याची अट त्याच खतात लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. तोंडी वचन, वेगळी चिठ्ठी यांना येथे किंमत नाही. मुदतखरेदीवर सही करू नका, एवढेच मी म्हणेन. शंभर रुपयांच्या मुद्रांकावरील कुलमुखत्यारपत्राने घर विकत घेणाऱ्यांनाही हेच सांगावयाचे: नोंदणीकृत खरेदीखतावाचून मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

चिंचणीसारख्या ठिकाणी आणखी पाहावे लागते. डहाणू आणि तलासरी तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही. १९६६ च्या जमीन महसूल संहितेची कलमे ३६ व ३६-अ यासाठीच आहेत. 'सगळेच घेतात' असे सांगणारा दलाल भेटेल. अशी जमीन कायद्याने परत जाऊ शकते, हे तो सांगणार नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, ज्याचा आजा लग्नगडी होता त्याची भुई स्वस्तात मिळते म्हणून पंचशील घेतलेल्या माणसाने ती घ्यावी काय? शिवाय २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुक्यात जमिनीच्या वापरात बदल करण्यावर निर्बंध आहेत, आणि समुद्रालगत किनारा नियमनाचे नियम वेगळेच. बिनशेती आदेश व बांधकाम परवानगी मागा. उताऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल, जसा तो पुष्कळ वतनी जमिनींवर असतो, तर परवानगीचा प्रश्न इसार देण्यापूर्वी सोडवा. बँकेचा वकील कागद तपासतो तो बँकेसाठी. आपला वकील आपणच नेमावा.

धर्मांतराने निर्माण झालेला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: आपण बौद्ध झालो, मग वारसा कोणत्या कायद्याने? १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या कलम २ अन्वये बौद्धांनाही लागू आहे. नाव आवडो न आवडो, त्याचा लाभ आपल्या मुलींना आहे. सबब विकणारे कुटुंब बौद्ध असो वा अन्य कोणी, मुलींची व विधवेची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत. दीक्षेनंतर आडनाव बदलले असेल तर शासन राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवा आणि सर्व कागदांवर एकच नाव येईल असे पाहा. बँकेत अडते ते बहुधा येथेच. घर पत्नीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ही गोष्ट पुरुष मंडळी सोयीने विसरतात.

मित्रासाठी जामीन राहताना मात्र भिडेस पडू नका. १८७२ च्या करार कायद्याने जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते.

हप्ते थकले तर बँकेला २००२ च्या कायद्याखाली प्रथम ६० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. ती सूचना आली की तिला त्या मुदतीत लेखी उत्तर द्या. बँकेला त्यावर कारणे कळवावी लागतात. ताबा घेण्याची कारवाई झालीच, तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. सूचना पेटीत ठेवून गप्प बसणाऱ्यांचीच घरे बहुधा जातात.

कर्ज पुरे फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळाले पाहिजेत. १ डिसेंबर २०२३ पासून रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये ऋणकोला देणे बँकेवर बंधनकारक आहे. कागद मोजून घ्या, आणि उताऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातील बँकेचा बोजा कमी करून नवा उतारा त्याच आठवड्यात मागून घ्या.