मेजावरचा माणूस

वैद्यकाच्या विद्यार्थ्याचा पहिला गुरू म्हणजे विच्छेदनाच्या मेजावरील मृतदेह, असे २०१९ पासून लागू झालेला अभ्यासक्रम सांगतो. अनेक महाविद्यालयांत त्या देहापुढे कृतज्ञतेची शपथही घेतली जाते. हे स्वागतार्हच आहे. परंतु हा गुरू कोण होता?

ब्रिटनच्या १८३२ च्या कायद्याने वर्कहाऊसमध्ये मेलेल्या दरिद्री माणसांचे बेवारस देह विच्छेदनासाठी खुले केले. मुंबई राज्याचा १९४९ चा कायदाही मुख्यतः बेवारस देहांवरच विसंबला. बेवारस म्हणजे नातलग नसलेलाच, असे नव्हे. गावी निरोप पोहोचण्याआधी ज्याची मुदत संपली, असा मजूरही बेवारसच ठरतो. ज्याला जिवंतपणी उपचार परवडले नाहीत, त्याचाच देह संमतीवाचून उपचारशास्त्राच्या कामी येतो.

ही विषमता स्वेच्छेच्या देहदानानेच मोडेल. ज्योती बसूंचा देह २०१० साली त्यांच्या इच्छेनुसार कोलकात्यातील सरकारी रुग्णालयाला देण्यात आला. कार्यकर्त्यांनी हा मार्ग धरावा. आणि शिक्षकांनी शपथेबरोबर हा इतिहासही शिकवावा. तो न जाणता घेतलेली शपथ हा केवळ एक विधी उरेल.