चार सुटलेल्या पिशव्या

पिकाचा अंदाज सांगणारा शेतकरी आणि मुलाचे कौतुक सांगणारा बाप यांच्यात एक मोठा फरक असतो. शेतकरी नेहमी थोडे कमी सांगतो; बाप नेहमी थोडे जास्त सांगतो. आमचा भंडाऱ्याकडचा मुलूख धानाचा, त्यामुळे पहिल्या प्रकारची माणसे मला रोज भेटतात. दुसऱ्या प्रकारचा माणूस शोधायला मात्र मला घराबाहेर पडावे लागत नाही.

भंडारा-पवनी रस्त्यावरचे कोंढा हे आमचे गाव. चिरंजीव पाचवीत गेले तेव्हा शाळेतल्या स्काऊटमास्तरांनी त्यांचे नाव पथकात घातले. मी संमती दिली ती काही फार उदात्त हेतूने नव्हे. दहावीला पुढे सवलतीचे काही गुण मिळतात असे मी ऐकून होतो, आणि गुणांसाठी आजकालचे पालक काय काय करतात हे वाचकांना मी सांगायला नको. इथे तर नुसता एक गणवेष शिवायचा होता.

गणवेष आला, गळ्यात स्कार्फ आला, आणि घरातल्या साऱ्या दोऱ्या नाहीशा झाल्या. कपडे वाळत घालायची दोरी एकदा खाटेच्या पायाला आणि एकदा माझ्या छत्रीला बांधलेली सापडली. चिरंजीव पाहुण्यांशी डाव्या हाताने हस्तांदोलन करू लागले, तेव्हा आमच्या मातुःश्रींनी "पोराला डावरेपणा कुठून आला?" म्हणून काळजी केली. पुढे 'खरी कमाई'चे दिवस आले. चिरंजीवांनी शेजारच्या काकांच्या जोड्यांना पॉलिश करून दहा रुपये आणले. पहिल्यांदा मला ओशाळल्यासारखे झाले. पण दुसऱ्याच दिवशी कॉलेजच्या कॉमनरूममध्ये तोच प्रसंग मी 'श्रमप्रतिष्ठेचा संस्कार' म्हणून सांगितला, आणि सांगता सांगता एका जोड्याचे चार जोडे झाले.

मराठीच्या प्राध्यापकाच्या घरात विशेषणांचा तुटवडा कधी पडत नाही. प्रवेशानंतर प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशी एकेक पायरी चिरंजीव चढत होते आणि माझी भाषा त्यांच्या दोन पायऱ्या पुढे चालत होती. कौतुकाला विद्वत्तेची जोड असावी म्हणून मी या चळवळीचा इतिहासही वाचून काढला. बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेतल्या मेफकिंगला 1899-1900 साली बोअरांनी वेढा घातला तो 217 दिवस चालला. त्या वेढ्यात गावातली पोरे निरोप्याचे काम करीत, ते त्यांनी पाहिले. पुढे 1907 च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर त्यांनी काही मुलांचे शिबिर भरवले. त्यात बड्या घरची मुले आणि कामकऱ्यांची मुले एकत्र राहिली. दुसऱ्या वर्षी त्यांचे पुस्तक निघाले आणि चळवळ जगभर पसरली.

हिंदुस्थानात 1909 साली बंगलोरला पहिले पथक निघाले, पण ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना तिथे मज्जाव. हा मज्जाव मोडणाऱ्या आरंभीच्या माणसांत एक नाव आमच्याच प्रांतातले आहे, हे वाचून माझी छाती आणखी दोन बोटे फुगली. आमचा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. त्याच मध्य प्रांतात 1913 साली व्हिव्हियन बोस यांनी हिंदी मुलांसाठी स्काऊटिंग सुरू केले. हेच बोस पुढे नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि 1951 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्यामागून 1916 साली मद्रासकडे ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांनी, तर उत्तरेत मालवीयजी, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी हे काम हाती घेतले. निरनिराळ्या संघटनांचे प्रवाह 7 नोव्हेंबर 1950 रोजी 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स'मध्ये एकत्र आले, आणि 1951 साली मुलींच्या गाईड्सही त्यात मिळाल्या.

हे सारे मी वाचले, लोकांना ऐकवले. पण स्काऊट या शब्दाचा अर्थ काय, याचा विचार काही मी केला नव्हता. तो मला चिरंजीवांनी शिकवला. त्याची ही हकीकत.

2020 च्या ऑगस्टअखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वरच्या धरणांचे पाणी सुटले आणि वैनगंगेला महापूर आला. गोसीखुर्दचे 33 ही दरवाजे उघडावे लागले. भंडारा शहरात पाणी, पवनीत पाणी, नदीकाठच्या गावांत तर विचारायलाच नको. त्यात करोनाची साथ. आमच्या गावात लोकांनी तांदूळ, डाळ, तिखट-मीठ गोळा करून पूरग्रस्तांसाठी पिशव्या भरायला घेतल्या. चिरंजीव तोंडाला फडके बांधून दोन दिवस तिथे राबले.

पुढे राज्य पुरस्काराच्या चाचणीसाठी नोंदवही पूर्ण करायची वेळ आली. सेवाकार्याच्या पानावर चिरंजीवांनी लिहिले होते : "धान्याच्या 112 पिशव्यांची तोंडे बांधली. त्यांतल्या 4 सुटल्या. त्या पुन्हा बांधल्या."

ती नोंद वाचून माझा जीव कळवळला. एवढा महापूर, आणि त्याची ही अशी वाण्याच्या खातेवहीसारखी नोंद! परीक्षकांवर याचा काय प्रभाव पडणार? नोंदवही पक्की करायची होतीच. मुले झोपल्यावर मी दिवा लावून बसलो आणि नव्या वहीत त्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिले. वैनगंगेचे रौद्र रूप, आक्रोश करणारी गावे, आणि जिवाची पर्वा न करता मदतीला धावून गेलेला एक कोवळा बालवीर. दहा ओळी झाल्या. अक्षर शक्य तितके चिरंजीवांसारखे काढले. पुन्हा वाचताना माझेच डोळे पाणावले.

सकाळी चहा घेताना पाहिले, तर चिरंजीव पट्टी घेऊन बसलेले. माझ्या दहाही ओळींवर त्यांनी एकेक सरळ रेघ मारली होती. खाली लिहिले होते, "वरील मजकूर चुकीचा आहे." आणि त्याखाली पुन्हा त्या 112 पिशव्या, त्यातल्या 4 सुटलेल्या.

मी चिडलो. "अरे, मी काय खोटं लिहिलं? पूर आला नव्हता? तू मदत केली नव्हतीस?"

"केली ना, बाबा. पण मी पाण्यात उतरलो नव्हतो. पाणी मी पाहिलंसुद्धा नाही. मी पवनीला जातो म्हटलं, तर तुम्हीच जाऊ दिलं नव्हतं."

स्वयंपाकघरातून खुद्कन हसू ऐकू आले. ते सौभाग्यवतींचे होते. त्या दिवशी दाराला कडी लावून उंबऱ्यात मीच बसलो होतो, याच्या त्या साक्षीदार होत्या.

खरी पंचाईत पुढेच होती. चिरंजीवांनी वही मिटली आणि खालच्या आवाजात विचारले, "बाबा, परीक्षक विचारतील की हे खोडलेलं कोणी लिहिलं. तुमचं नाव सांगू का?"

वाचकहो, मी वीस वर्षे वर्गावर उभा आहे, पण इतका अवघड प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. 'सांगू नकोस' म्हणावे, तर मुलाला खोटे बोलायला शिकवल्यासारखे. 'सांग' म्हणावे, तर मराठीचे प्राध्यापक मुलाच्या वहीत बनावट मजकूर लिहितात, ही वार्ता जिल्ह्यात जाणार. पानच फाडून टाकावे असेही एकदा मनात आले. पण पोरगा माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत माझ्यावर राग नव्हता. मला वाचवता येईल का, याची काळजी होती. ती पाहिल्यावर मला दुसरे काही बोलता येईना.

"सांग," मी म्हणालो.

स्काऊटच्या नियमांत पहिला नियम विश्वासाचा आहे, हे मी कॉमनरूममध्ये कितीदा तरी सांगितले होते. तो पहिलाच का, हे त्या सकाळी कळले. स्काऊट म्हणजे टेहळ्या. सैन्याच्या पुढे जायचे, डोळ्यांनी पाहायचे, परत येऊन सांगायचे. शत्रूचे घोडे पन्नास असतील तर पन्नास सांगायचे. सुरतेची बित्तंबातमी बहिर्जी नाइकाने महाराजांना आणून दिली असे सांगतात. त्या नाइकाने पाचशेंचे पाच हजार केले असते तर? कवीने वाढवून सांगितले तर काव्य होते; टेहळ्याने वाढवून सांगितले तर माणसे मरतात. ज्या बोसांनी आमच्या प्रांतात हे काम सुरू केले त्यांचे सारे आयुष्य पुढे साक्षीपुरावा तोलण्यात गेले, हा योगायोग असेल. मला मात्र त्यात संगती दिसू लागली आहे.

साथ ओसरल्यावर चाचणी झाली. संध्याकाळी चिरंजीव परतले ते थेट आईकडे जेवायला मागत गेले. मी न राहवून विचारले, "मग? परीक्षकांनी विचारलं?"

"विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"बाबांनी लिहिलं होतं म्हणून सांगितलं."

"आणि ते?"

"हसले. म्हणाले, त्या चार पिशव्या का सुटल्या ते सांग. मी म्हटलं, घाईत गाठ उलटी पडली होती. मग दोरी दिली आणि म्हणाले, आता सुलटी बांधून दाखव."

राज्य पुरस्कार मिळाला. त्याचे प्रमाणपत्र आमच्या बैठकीत लावलेले आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर तिकडे वळवण्याची कला मी अजून विसरलेलो नाही. पण ती नोंदवही मी कपाटात वेगळी ठेवली आहे. वर्गात निबंध तपासताना एखाद्या मुलाची साधी, मोजून मापून लिहिलेली ओळ आली की पूर्वी मी समासात 'नीरस' असा शेरा मारीत असे. आता हात थोडा थांबतो.

चिरंजीव शिक्षणासाठी आता नागपूरला असतात. परवा दिवाळीच्या खरेदीला आलेले एक स्नेही प्रमाणपत्र पाहून म्हणाले, "वा! पुरात बरंच काम केलेलं दिसतंय मुलानं!" माझी जीभ वळवळली. वैनगंगेचे पाणी शब्दाशब्दाने चढू लागले. तेवढ्यात आतल्या दाराशी सौभाग्यवती येऊन उभ्या राहिलेल्या दिसल्या.

मी म्हणालो, "112 पिशव्या बांधल्या त्यानं. त्यातल्या चार सुटल्या."