सील कुठाय?

"अगं, पण याला सील कुठाय?"

कॅरव्हॅनच्या गॅस लॉकरमध्ये डोकावून सासूबाईंनी हा प्रश्न विचारला, तेव्हा मी हसले होते. पुण्याहून त्या पहिल्यांदाच आमच्याबरोबर भटकायला आल्या होत्या. इंग्लंडमधून फेरीने फ्रान्स, तिथून जर्मनी, ऑस्ट्रिया आणि परत असा महिनाभराचा बेत होता. आम्ही नवीनच घेतलेला, पंपावर स्वतः भरता येणारा सिलिंडर नवरा कौतुकाने दाखवत होता आणि आई सील शोधत होत्या.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. आपल्याकडे गॅसवाला दारात आला की आधी सील बघायचं, मग वजन, मग खांद्यावरच्या पट्टीवरची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे वर्षाचे आकडे. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुढची तपासणी झाली पाहिजे. हे आईंना तोंडपाठ. गॅसचा 'नंबर लागायला' काही वर्षं वाट पाहिलेली ती पिढी. ओलं फडकं फिरवून कुठपर्यंत ओल टिकते ते बघायचं आणि आत किती गॅस उरलाय ते सांगायचं, ही विद्याही त्यांचीच. (ही युक्ती इथल्या सिलिंडरवरही चालते बरं का!)

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॅरव्हॅनमध्ये शेगडी, पाणी तापवणं, हीटर आणि वीज नसेल तेव्हा फ्रीज, सगळं एलपीजीवर चालतं. ब्रिटनमध्ये नेहमीची पद्धत आपल्यासारखीच, रिकामा द्या आणि भरलेला घ्या. सिलिंडर कंपनीचाच राहतो, आपण फक्त अनामत भरलेली असते. गंमत अशी की खाडी ओलांडली की ब्रिटनचा सिलिंडर कुणी बदलून देत नाही. प्रत्येक देशाच्या कंपन्या वेगळ्या, तोंडं वेगळी, रेग्युलेटर जोडायची पद्धत वेगळी. बऱ्याच देशांत मिळतो तो कॅम्पिंगगॅझचा निळा सिलिंडर, पण त्यातल्या मोठ्यातही २.७५ किलोच गॅस. रोज वरण-भात, पोळ्या आणि चार वेळा चहा करणाऱ्या कुटुंबाला तो कितीसा पुरणार?

म्हणून हा भरता येणारा सिलिंडर. मोटारीत एलपीजी भरतात त्याच पंपावर जायचं, नळी लावायची, बटण दाबायचं. सहा किलोचा सिलिंडर म्हणजे बारा लिटरच्या आसपास. लिटरचा भाव देशागणिक बदलतो, पण साधारण एका युरोच्या किंवा पौंडाच्या आतबाहेर असतो. बदली सिलिंडरपेक्षा निम्म्याहून कमी खर्च. शिवाय अर्धा रिकामा असला तरी वर भरून घेता येतो. मी तर या कल्पनेच्या प्रेमातच पडले होते. कंपनी नको, अनामत नको, आपला सिलिंडर आपल्या मालकीचा!

हे प्रेम ब्लॅक फॉरेस्टजवळच्या एका पंपावर उतरलं.

आमचा सिलिंडर तेव्हा सुटा होता, म्हणजे लॉकरमध्ये नुसता पट्ट्याने बांधलेला आणि भरायचं तोंड त्याच्या स्वतःच्याच डोक्यावर. नवऱ्याने लॉकरचं दार उघडून अ‍ॅडॉप्टर लावला, तोच आतून पंपावरचा माणूस धावत आला. "नाइन, नाइन!" आम्ही सिलिंडरवरची खूण दाखवली, हातवारे केले, पावती काढली. तो बोट हलवत राहिला आणि शेवटी त्याने पंपच बंद केला. मागे दोन गाड्या थांबलेल्या, त्यातली एक हॉर्न देतेय. गाडीत बसता बसता मी म्हणाले, "आपला रंग बघितला त्याने, दुसरं काही नाही."

आई मागून काही बोलल्या नाहीत. आम्ही जरा पुढे गाडी लावून दुसरा पंप शोधत होतो, तेवढ्यात एक जर्मन नंबरची व्हॅन आली. गोरापान आजोबा उतरला, मागचं दार उघडून त्याने सुटा सिलिंडर बाहेर काढला. तोच माणूस तसाच धावत आला, तेच बोट, तेच "नाइन". आजोबा आमच्यापेक्षा मोठ्याने भांडला आणि तसाच परत गेला.

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

त्या रात्री वीज नसलेल्या एका साध्या जागेवर आम्ही ब्रेड आणि दही खाल्लं. आईंना चहा मिळाला नाही याचं मला जास्त वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी दुकानातून एक निळा सिलिंडर आणि त्यावरच बसणारी शेगडी आणली आणि पुढचा प्रवास त्यावर झाला.

परत आल्यावर मात्र मी नीट वाचायला बसले. द्रवरूप प्रोपेन तापला की भलताच फुगतो. १५ अंशांवरून ५० अंशांवर गेला तर साधारण आठव्या भागाने वाढतो. म्हणून सिलिंडर कधीही ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नसतो. काठोकाठ भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या कॅरव्हॅनमध्ये तापला, तर आतल्या द्रवाला जायला जागाच उरत नाही. भरता येण्यासाठीच बनवलेल्या सिलिंडरमध्ये ८० टक्क्यांना आपोआप बंद होणारी झडप असते. नेहमीच्या बदली सिलिंडरमध्ये ती नसते; तो प्लांटमध्ये वजन करून भरतात. पण काही शहाणे बाजारात मिळणारा अ‍ॅडॉप्टर लावून तोच सिलिंडर पंपावर अंदाजाने भरतात. आता पंपावरच्या माणसाने लांबून कसं ओळखायचं, यांच्या सिलिंडरमध्ये झडप आहे की नुसता अंदाज? म्हणून जर्मनीत पंपावर सुटा सिलिंडर भरू देत नाहीत. त्याच्या पंपाखाली हजारो लिटर इंधन आणि समोर माझ्यासारखी पावती फडकवणारी बाई. त्याच्या जागी मी असते तर मीही बोटच हलवलं असतं.

तेव्हा आईंच्या प्रश्नाचा अर्थ मला कळला. सील म्हणजे हा सिलिंडर कुणीतरी तपासलाय, तोललाय, गळत नाही हे बघितलंय, अशी दुसऱ्या कुणाची तरी ग्वाही. स्वतः भरायचा सिलिंडर घेतला की ती ग्वाही द्यायची आपण. मालकी हवी होती ना मला? मग त्याबरोबर हेही आलं.

आता माझं मत. भरता येणारे सिलिंडर चांगलेच आहेत, पण सगळ्यांसाठी नाहीत. बसवण्यासकट आमचे तीनेकशे पौंड गेले. एका सिलिंडरमागे वीस पौंड वाचले, तरी पंधरा सिलिंडर संपल्यावर पैसे वसूल. वर्षाला दोन आठवडे फिरणाऱ्याने या भानगडीत पडूच नये. महिना-दोन महिने फिरणार असाल तर जरूर घ्या, पण पक्का बसवून घ्या. जाणकार माणसाकडून, भरायचं तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला. आम्ही तसं करून घेतल्यापासून एकदाही बोट हललेलं नाही. सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची तारीखही वहीत लिहून ठेवा, कारण दारात येऊन आठवण करायला कुणी गॅसवाला नाही.

बाकी अनुभवाच्या चार गोष्टी. भरायच्या नळीची तोंडं चार प्रकारची आहेत. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये एक, जर्मनी-बेल्जियममध्ये दुसरं, फ्रान्स-इटलीत तिसरं, स्पेनमध्ये चौथं. अ‍ॅडॉप्टरचा पूर्ण संच घ्या आणि हाताशी ठेवा (आमचा एकदा तांदळाच्या डब्यात सापडला होता). पंपावरच्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेनचं प्रमाण देशाप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वाफ व्हायचंच थांबवतो, प्रोपेन मात्र उणे ४२ पर्यंत साथ देतो. थंडीत उबदार प्रदेशात भरून थेट आल्प्समध्ये चढलात तर सिलिंडर जड लागेल आणि शेगडी पेटणार नाही. आणि लॉकरच्या तळाला जी भोकं असतात ती थंड वारा येतो म्हणून बुजवू नका. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर त्याला तिथूनच बाहेर जायचं असतं.

एक कबुली राहिली. त्या दिवशी गाडीत मी जे बोलले ते चुकीचं होतं. रंग बघणारी माणसं मला इथे भेटलेली नाहीत असं नाही, पण तो त्यातला नव्हता. तो बिचारा फक्त सील शोधत होता.

पुढच्या उन्हाळ्यात आई पुन्हा येणार आहेत. परवा फोनवर त्यांना सगळी नवी व्यवस्था समजावून सांगितली, झडप, तारीख, बाहेरचं तोंड वगैरे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं केलंस. तरी मी ओलं फडकं घेऊन येतेच."