विश्लेषण : प्लीहेत गाठ आढळली, म्हणजे प्लीहा काढायचीच का?

पोट दुखते म्हणून लोणंदचा एखादा रुग्ण फलटणला किंवा साताऱ्याला सोनोग्राफी करून येतो. दुखण्याचे कारण मुतखडा निघते. पण रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ असते, ‘प्लीहेत गाठ’. घरात लगेच कॅन्सरची भीती पसरते. बहुतेकदा ती अनाठायी असते.

ही गाठ कसली?
प्लीहा म्हणजे पाणथरी. डाव्या बरगड्यांखालचा, साधारण मुठीएवढा हा अवयव जुन्या लाल पेशी गाळतो आणि जंतूंशी लढतो. त्यात गाठी मुळात दुर्मीळ. साध्या गाठींमध्ये रक्तवाहिन्यांची हिमँजिओमा सर्वाधिक आढळते. हॅमार्टोमा, लिम्फँजिओमा त्याहून कमी. ‘लिटोरल सेल अँजिओमा’चे पहिले वर्णन तर १९९१ मधले.

निदान कसे होते?
सोनोग्राफीत गाठ दिसते, पण ती कोणत्या प्रकारची हे नेहमी कळत नाही. कॉन्ट्रास्ट सीटी स्कॅन किंवा एमआरआय अधिक माहिती देतात. सुईने तुकडा घेणे डॉक्टर सहसा टाळतात, कारण रक्तस्रावाचा धोका असतो. म्हणून काही वेळा प्लीहा काढून तपासल्यावरच पक्के निदान होते.

शस्त्रक्रिया केव्हा?
लहान, त्रास न देणारी आणि स्कॅनवर साधी दिसणारी गाठ ठरावीक काळाने तपासत राहणे पुरेसे असते. मोठी, वाढणारी, दुखणारी किंवा संशयास्पद गाठ असेल तर शस्त्रक्रिया. प्लीहेचा काही भाग वाचवता येईल का, हे जरूर विचारा.

खरा धोका कुठे?
प्लीहा काढल्यानंतर. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंचा संसर्ग मग काही तासांत जिवावर बेतू शकतो, अगदी अनेक वर्षांनीही. त्यांच्यावरील लसी नियोजित शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घ्यायच्या असतात. पुढे ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना गाठायचा.

काय व्हायला हवे?
बाळांना न्यूमोकोकल लस सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. प्रौढांना ती बहुधा विकत घ्यावी लागते. शस्त्रक्रियेच्या खर्चातच या लसी धरायला हव्यात. आणि डिस्चार्ज कार्डावर ठळक मराठीत लिहायला हवे : ‘प्लीहा काढली आहे. ताप आल्यास तातडीने उपचार.’ मोठे रुग्णालय तास-दीड तास दूर असलेल्या गावात ही एक ओळ जीव वाचवू शकते.