विचारायला घाबरू नका

माझ्या इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये कितीतरी जणांनी पैसे बुडवले, त्याचे काही वाटत नाही. पण चुकती झालेली एक उधारी आजही मनाला बोचते.

चाळिशीतला एक शेतकरी महिन्याभरात तीन वेळा दवाखान्यात आला होता. झोप लागत नाही, पोटात जळजळते, जेवणावर वासना नाही. मी पोट तपासले, बी.पी. पाहिले, गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या खेपेला निघताना त्याने दोनशे रुपये टेबलावर ठेवले. "डॉक्टरसाहेब, मागची बाकी. कुणाचं देणं राहायला नको." ती बाकी मी विसरूनही गेलो होतो. हसून पैसे ठेवून घेतले. पाचव्या दिवशी त्याने आत्महत्या केल्याचे कळले. तो निरवानिरव करत होता, आणि मला ते वाचता आले नाही.

आमच्या वेळी एम.बी.बी.एस.ला मानसोपचार विभागात जेमतेम पंधरा दिवस काढावे लागत. जगण्याला कंटाळलेला माणूस समोर बसला तर त्याला काय विचारायचे, हे कुणी शिकवले नाही. ते मी फार उशिरा शिकलो. शिकल्यावर लक्षात आले, की याला डॉक्टरच लागतो असे नाही. प्रथमोपचाराप्रमाणे हे कोणालाही शिकता येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. त्यांपैकी २२,७४६ आपल्या महाराष्ट्रात, म्हणजे रोज साठाहून अधिक. इतक्या माणसांपर्यंत मानसोपचारतज्ज्ञ वेळेवर पोचणे अवघड आहे. पण शेजारी, शिक्षक, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार, पतसंस्थेचा वसुली कर्मचारी, आशाताई ही माणसे आधीच तिथे असतात.

वाचकहो, अशा प्रशिक्षणात मुख्यतः तीन गोष्टी शिकवतात.

पहिली, विचारा. अचानक देणी चुकती करणे, आवडीची वस्तू देऊन टाकणे, "माझ्यामागे पोरांकडे बघा" असे बोलणे, दारू वाढणे, माणसांत न मिसळणे ही लक्षणे दिसली, तर एकट्याला बाजूला घ्या आणि सरळ विचारा, "दादा, जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?" विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, ही भीती खोटी आहे. अनेक अभ्यासांतून असे दिसले आहे, की विचारल्याने धोका वाढत नाही. उलट कुणीतरी विचारले म्हणून माणसाला हलके वाटते.

दुसरी, ऐका. "वेडा आहेस का? बायको-पोरांचा तरी विचार कर," असे म्हणू नका. तो विचार करून करूनच तो थकलेला असतो. उपदेश नको, वाद नको. "सांग, मी बसलोय," एवढे पुरे.

तिसरी, सोबत न्या. नुसते "डॉक्टरला दाखव" म्हणू नका; स्वतः घेऊन जा. तोवर त्याला एकटे सोडू नका आणि घातक वस्तू त्याच्या हाताशी राहू देऊ नका. शासनाच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलमच उरलेले नाही.

साध्या माणसांना हे जमेल का? विदर्भात ते होऊन गेले आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले होते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की शाळा, पतसंस्था, ग्रामपंचायत यांनी वर्षातून अर्धा दिवस या प्रशिक्षणासाठी काढावा. रक्तदान शिबिर घेतो, तसेच हेही घ्यावे. आणि आम्हा डॉक्टर मंडळींनी पहिल्या रांगेत बसावे. आम्हालाच त्याची सर्वांत जास्त गरज आहे.

झोप लागत नाही म्हणणाऱ्या रुग्णाला आता मी विचारतो. बहुतेक जण "छे हो डॉक्टर!" म्हणून हसतात. एखादा मात्र गप्प होतो, त्याचे डोळे भरून येतात. मग बाहेर कितीही गर्दी असो, मी खुर्ची जवळ ओढून बसतो. दोनशे रुपयांची ती बाकी माझ्याकडून अशीच फिटायची आहे.