सरड्याला दगड मारण्यापूर्वी

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्रास वापरतो. पण सरडा कुंपणावर काय करतो, हे पाहण्यासाठी तुमच्यापैकी किती जण थांबले असतील?

भुसावळात रेल्वे वसाहतीतील कडुनिंबावर किंवा केळीच्या मळ्याच्या कुंपणावर सरडा दिसला, की मुलांचा हात आधी दगडाकडे जातो. ‘तो लांबून रक्त शोषतो’ असे कोणीतरी सांगितलेले असते. हे साफ खोटे आहे. विणीच्या दिवसांत नराचे डोके व गळा लाल होतो. तो रंग मादीसाठी व प्रतिस्पर्धी नरासाठी असतो. आपल्या रक्ताशी त्याचा काही संबंध नाही. सरडा विषारीही नाही. नाकतोडे, मुंग्या, अळ्या खाऊन तो शेतकऱ्याला मदतच करतो.

तेव्हा दगड टाका आणि वही घ्या. प्रथम ओळख पटवा. मानेपासून पाठीवर काट्यांची रांग, कानाच्या वर काट्यांचे दोन लहान झुपके आणि धडाच्या दुपटीहून लांब शेपूट, या आपल्या नेहमीच्या सरड्याच्या खुणा. मग दहा पावलांवर स्वस्थ बसा. सकाळी ऊन खाताना त्याचा रंग कसा असतो? वैशाखात दुपारी तो कोठे दडतो? नर डोके खालीवर करतो तेव्हा समोर कोण असते? रोज तोच नर त्याच खांबावर दिसला, तर तुम्हाला कळेल की कुंपण ही त्याची टेहळणीची जागा आहे. प्रत्येक नोंदीवर तारीख, वेळ, तापमान व ठिकाण लिहा.

‘सरड्यात नवे ते काय?’ असे कोणी म्हणेल. या सरड्याला १८०२ साली दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने शास्त्रीय नाव दिले. त्या एकाच नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असल्याचे २०२१ साली संशोधकांनी दाखवून दिले. गळ्याला रंगीत पंखा असलेल्या काही सरड्यांच्या प्रजातीला तर २०१६ साली ‘सरडा’ हेच मराठी नाव मिळाले. तिच्यातील एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. रोजच्या पाहण्यातला प्राणी म्हणजे पुरता माहीत झालेला प्राणी नव्हे.

शिक्षकांनाही एक विनंती. सरड्याचा धडा बरणीतल्या नमुन्यापाशी संपवू नका. एक तास मुलांना कुंपणापाशी न्या. तेथे सरडा जिवंत असेल, आणि धडाही.